पहिली मोबाइलवर झाली, आता सहावीत अडते आहे : कुठे अडली ते आधी शोधा

वाचणाऱ्या इतरांसाठी ताईंचा प्रश्न आधी थोडक्यात सांगते. मुलगी सहावीत आहे. कोरोना आला तेव्हा ती बालवाडीच्या मोठ्या गटात होती, म्हणजे तिची पहिली अख्खी आणि दुसरी बरीचशी घरात गेली. घरात मोबाइल एकच. तो सकाळी वडील भाजीच्या टेम्पोवर घेऊन जायचे, आणि घरी आला की त्यावर पहिला हक्क आठवीतल्या दादाचा. आता ती मराठी वाचताना अडखळते, शाब्दिक उदाहरणाला हातच लावत नाही आणि काही विचारलं की उत्तर द्यायच्या आधी आईच्या तोंडाकडे बघते. गावातला क्लास लावून वर्ष झालं, फरक नाही. सासूबाई म्हणतात मोबाइलनं वाटोळं केलं. सर म्हणतात लक्ष नसतं. आणि आई म्हणते, ‘तेव्हा तिचा अभ्यास मीच वहीत लिहून फोटो टाकत होते, त्याचंच हे फळ.’

ताई, मी सातारा जिल्ह्यात प्राथमिकला वीस-पंचवीस वर्षं शिकवते आहे, त्यातली बहुतेक पहिली-दुसरीच्या वर्गावर. तुम्ही लिहिलंत त्यात मला सगळ्यात मोलाचं वाटलं ते मधलं एक वाक्य : ती माझ्या तोंडाकडे बघते. अडखळणारं वाचन सुधारतं, वजाबाकी सुधारते. पण ही तोंडाकडे बघायची सवय तशीच राहिली तर केलेली दुरुस्ती टिकत नाही. म्हणून आधी ती सवय कुठून आली ते बघू.

पहिलीच्या वर्गात शिकवणं कमी आणि ऐकणं जास्त असतं, हे बाहेरच्या माणसाला पटत नाही. मूल पुस्तक घेऊन बाईंच्या खुर्चीशी येतं, ओळीवर बोट ठेवतं, वाचतं. ‘कमळ’चं ‘कलम’ करतं. बाई काही बोलत नाहीत, नुसत्या बघतात. मूल पुन्हा बोटाकडे बघतं, मागं येतं, ओठांतल्या ओठांत जुळवतं आणि ‘कमळ!’ म्हणतं. हे दिवसातून चार वेळा, आठवड्यातून पाच-सहा दिवस, दोन वर्षं चालतं. चूक झाली की ती आपली आपल्याला सापडते, हा विश्वास त्यातून तयार होतो. वाचन म्हणजे निम्मं तेच.

ऑनलाइन तासाला हे सगळं उलटं झालं. ऑनलाइन वर्गांसाठी केंद्र सरकारनं काढलेल्या ‘प्रज्ञाता’ सूचनांप्रमाणे पहिली ते आठवीला दिवसाला जास्तीत जास्त दोन तासिका, त्याही 30 ते 45 मिनिटांच्या. तीस-पस्तीस पोरं, त्यातली निम्मी रेंजच्या शोधात गच्चीवर. गोंगाट नको म्हणून सगळ्यांना म्यूट करावं लागायचं. म्हणजे बोलायच्या बाई आणि ऐकायचं मुलांनी. आणि एखाद्याला बोलतं केलंच, तर काय दिसायचं? ‘सांग बाळा, सातच्या नंतर काय?’ मुलाचे डोळे कॅमेऱ्यावरून सरकून डावीकडे वर जायचे. स्क्रीनच्या कडेला पदराचं टोक दिसायचं, कुजबुज ऐकू यायची, ‘आठ, आठ म्हण.’ मग मूल छाती काढून ‘आठ!’ तुमच्या मुलीचे डोळे आजही त्याच दिशेला जातात. लक्ष नाही, असं मी त्याला म्हणणार नाही. उत्तर कुठून येतं याची जी जागा तिला सहाव्या वर्षी माहीत झाली, तिकडेच तिचं लक्ष आहे.

गृहपाठ लिहून दिल्याचं मनाला लावून घेऊ नका. घरोघरी तेच चाललं होतं. रात्री नऊला गटावर वहीच्या पानांचे फोटो येऊन पडायचे, सहा वर्षांच्या मुलाचं अक्षर एका ओळीत, खाडाखोड नाही, आणि आम्हाला ते ओळखू येत नव्हतं असं थोडंच आहे! पण शिक्षकालाही त्या काळात श्वास घ्यायला फुरसत नव्हती. 2020 च्या सप्टेंबरात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहीम सुरू झाली, त्या सर्वेक्षणाला अनेक ठिकाणी शिक्षकच घरोघर फिरले. कित्येक गावांत शाळेच्या खोल्याच विलगीकरणासाठी दिलेल्या. सोलापुरात नीलमनगरला घरांच्या भिंतींवर धडे रंगवून मुलांपर्यंत पोचवले गेले, सह्याद्री वाहिनीवर जुलै 2020 पासून ‘टिलीमिली’ हा अभ्यासाचा कार्यक्रम लागायचा, पुढं 2021 च्या जुलैपासून मागच्या इयत्तेची उजळणी करून घेणारा 45 दिवसांचा सेतू अभ्यासक्रम आला. माणसं झटली, यात शंका नाही. पण भिंत आणि टीव्ही दोघंही बोलतात, ऐकत नाहीत.

आता तुमच्या मुलीच्या वर्षाचा हिशोब मांडून बघा. मार्च 2020 मध्ये शाळा बंद झाल्या. 27 जानेवारी 2021 ला राज्यात पाचवी ते आठवीचे वर्ग सुरू झाले तेव्हा पहिली ते चौथी बंदच राहिली. ग्रामीण भागात पहिलीच्या पोरांना शाळेचं दार उघडलं 1 डिसेंबर 2021 ला, म्हणजे ती दुसरीत असताना. जानेवारी 2022 मध्ये ओमायक्रॉनमुळे ते पुन्हा मिटलं. थोडक्यात, ज्या दोन वर्षांत वाचायला शिकायचं त्यातले जेमतेम तीन-चार महिने ती वर्गात बसली, आणि जून 2022 ला तिच्या हातात थेट तिसरीचं पुस्तक आलं. ते पुस्तक धरून चालतं की मुलाला वाचता येतं.

‘असर’ या पाहणीत ग्रामीण भारतातली तिसरीची किती मुलं दुसरीचा उतारा वाचू शकतात ते पाहतात. 2018 मध्ये ती 27.3 टक्के होती, 2022 मध्ये 20.5 वर आली, 2024 मध्ये पुन्हा 27.1 झाली. आकडा सावरला म्हणून सगळीकडे आनंद झाला, आणि तो खोटाही नाही. फक्त 2024 ची तिसरी म्हणजे मागून आलेली मुलं, ज्यांची पहिली वर्गात झाली. 2022 ला तिसरीत होती ती तुमच्या मुलीची बॅच. ती पुढं सरकली आणि आज सहावीत बसली आहे. तिच्याकडे वळून फारसं कुणी बघितलेलं नाही.

तुम्ही विचाराल, मग ती पाचवीला पास कशी झाली? आपल्याकडे 2023-24 पासून पाचवीला आणि आठवीला वार्षिक परीक्षा आहे, नापास झालं तर फेरपरीक्षा आहे. पण प्रश्नोत्तरं पाठ करून ती निघते. हुशार मुलं तर न वाचता पास व्हायची कला फार लवकर शिकतात. तुमची मुलगी हुशार आहे असं मला वाटतं, नाहीतर पाच वर्षं हे झाकून नेणं जमलं नसतं. आठवीला मात्र ही कला पुरत नाही.

आता शोधायचं कसं ते सांगते. एखादा रविवार घ्या, घरात पाहुणे नकोत, दादा नको. ‘परीक्षा’ हा शब्द काढू नका. तिसरीचं मराठीचं पुस्तक घ्या, बालभारतीच्या संकेतस्थळावर पीडीएफ फुकट मिळतं. तिनं न वाचलेला साताठ ओळींचा उतारा काढा आणि वाचायला सांगा. तुम्ही फक्त ऐका, चुकलेले शब्द मनात ठेवा. बहुतेक तीन गोष्टींपैकी एक दिसेल. एक, ती शब्दाचं पहिलं अक्षर बघून बाकीचा शब्द ठोकून देते, ‘पर्यटन’चं ‘पर्यंत’, ‘वातावरण’चं ‘वाटाघाट’. दोन, साधे शब्द नीट, पण जोडाक्षर आलं की गाडी थांबते. त्यातही एकट्या ‘र’ची सोंगं किती : सूर्य, प्रकाश, राष्ट्र, दुसऱ्या. ‘पर्वत’ला ‘परवत’ आणि ‘प्रकार’ला ‘पकार’ म्हणते का बघा. तीन, सगळं बरोबर वाचते पण इतकं हळू की वाक्य संपेपर्यंत सुरुवात विसरलेली असते.

पहिल्या प्रकाराची खात्री करायला माझी एक युक्ती आहे. अर्थ नसलेले शब्द लिहून द्या : मोळपी, तरगुडा, किसावणी, भुरेटी. ओळखीच्या शब्दावर अंदाज मारता येतो, ‘तरगुड्या’वर येत नाही. ते नीट वाचले तर अक्षरं पक्की आहेत, सवय सुधारायची आहे. तिथेच घसरली तर काना-मात्रा-वेलांटीपर्यंत मागं जायला हवं. बाराखडी तोंडपाठ आहे यावर भिस्त ठेवू नका. ‘क का कि की’ गाण्यासारखं घडाघडा म्हणणाऱ्या पोराला मधलाच ‘कू’ दाखवला की ते सुरुवातीपासून म्हणत म्हणत तिथवर येतं.

गणितात ‘तीनशे पाच’ अंकात लिहायला सांगा. 3005 लिहिलं तर स्थानिक किंमत शिकायची राहिली आहे, आणि मग वरचं सगळं कच्च्या पायावर उभं आहे. दुसरं, 502 मधून 178 वजा करायला द्या. उत्तर 324. पण 476 आलं तर समजा की ती दर घरात मोठ्यातून लहान काढते आहे : आठातून दोन, सातातून शून्य, पाचातून एक. हातचा नावाची गोष्ट तिला कुणी हातात दिलेलीच नाही, फक्त व्हिडिओत दाखवली. त्यातून तिच्या वर्षाला आणखी एक भानगड होती. बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 2019 पासून ‘त्रेसष्ट’च्या जोडीला ‘साठ तीन’ असं वाचन आलं. कल्पना चांगली होती, माझं स्पष्ट मत आहे. पण वर्गात ती समजावता आली असती. घरी काय झालं, पुस्तक एक म्हणतं, आजी दुसरं म्हणते आणि दादा हसतो. अजून 36 आणि 63 मध्ये गोंधळत असेल तर ‘साठ तीन’ पुन्हा काढा, बिनधास्त.

शाब्दिक उदाहरणाचं दुखणं मात्र गणिताचं नाही. ‘बेरीज करायची का वजाबाकी?’ असं ती आधी विचारते ना? हा तोच प्रश्न आहे, डोळे पुन्हा वर डावीकडे. यावर एकच औषध मला लागू पडलेलं माहीत आहे : उदाहरणातले आकडे कागदाच्या तुकड्यांनी झाकून द्या. ‘एका डब्यात इतके लाडू आहेत, ते इतक्या मुलांना सारखे वाटले.’ आता करायचं काहीच नाही, फक्त काय घडलं ते सांगायचं. कुणाकडे काय होतं, मग काय झालं, शेवटी प्रत्येकाकडे जास्त असेल की कमी. ते सांगता आलं की आकडे उघडा.

रोजचं काम वीस मिनिटांचं ठेवा, तासभर नको. पंधरा मिनिटं वाचन, पाच मिनिटं हिशोब. वाचनाला तिसरीचं पुस्तक चालेल, पण अकरा वर्षांच्या मुलीला त्याची लाज वाटते, मैत्रिणीनं पाहिलं तर संपलंच. वाट अशी काढा : वाड्यातलं, शेजारचं पहिली-दुसरीतलं एखादं पोर संध्याकाळी बोलवा आणि ‘याला वाचून दाखव गं’ म्हणा. लहानांसाठी म्हणून सोपं पुस्तक आपोआप हातात येतं. महिन्याभरानं त्या पोराला वाचायला लावा आणि हिला ऐकायला बसवा. दुसऱ्याची चूक थांबून ऐकायला लागलं की स्वतःच्या वाचनातली चूक ऐकू यायला लागते, हे मी पुष्कळ मुलांत पाहिलं आहे. पुढच्या पायरीला बालभारतीचं ‘किशोर’ मासिक घ्या, जुने अंक संकेतस्थळावर आहेत.

आणि आता तुमचं काम, जे तिच्यापेक्षा अवघड आहे. ती अडली की मनात दहा आकडे मोजा. मोठ्यानं नाही. ‘अगं सांग ना, येतंय तुला’ हेही म्हणायचं नाही, त्यानं तिचं लक्ष पुन्हा तुमच्यावर येतं. पुस्तकाकडे बघा, तिच्याकडे नको. शब्द चुकली तर तिथेच टोकू नका, वाक्य संपू द्या, मग त्या शब्दाखाली बोट ठेवा आणि गप्प बसा. नाहीच आलं तर शब्दाचा पुढचा भाग बोटानं झाका, ‘पर्य’ एवढंच दिसू द्या, मग ‘टन’. शब्द पुरवायचा नाही. पहिले आठ-पंधरा दिवस ती वैतागेल, ‘आई सांग की’ म्हणेल, कदाचित रडेल. पाच वर्षं जिथून उत्तर यायचं तो नळ बंद झाला तर कुणीही चिडेल. दादालाही बजावा, मधे तोंड घालायचं नाही.

हिशोबाची पाच मिनिटं वहीवर घालवू नका. शंभराच्या, दहाच्या नोटा आणि एक-एकची नाणी घ्या. 502 मधून 178 द्यायचे आहेत आणि हातात पाच नोटा शंभराच्या, दोन नाणी. देणार कसे? मोड आणावी लागते. एक शंभर मोडून दहा दहाच्या, त्यातली एक दहाची मोडून दहा नाणी. हातचा म्हणजे एवढंच. पूर्वी पोरं हे दुकानात शिकायची. मग लॉकडाऊनमध्ये पोरांना बाहेर पाठवणं थांबलं, नंतर मोबाइलवरून पैसे द्यायला लागलो, आणि सुट्टे मोजून परत आणणं घरातून गेलंच. तिला आठवड्यातून दोनदा रोख देऊन दुकानात पाठवा, किती परत यायला हवेत ते निघण्याआधी तिनं सांगायचं.

क्लासचं म्हणाल तर सध्या बंद करा असं मी सांगेन. तिथे सहावीचाच धडा पुन्हा घेतात, प्रश्नोत्तरं लिहून देतात. जी जागा रिकामी आहे तिथवर ते पोचतच नाहीत. क्लासच्या सरांना तिसरीपासून घ्यायची तयारी असेल तर गोष्ट वेगळी, विचारून बघा.

मोबाइलबद्दल सासूबाईंशी वाद घालू नका, पण दोष सगळा त्याचा नाही. मोबाइल नसता तर ती दोन वर्षं निव्वळ कोरडी गेली असती. आता रात्री जेवणानंतर नको आणि वाचनाच्या वेळी खोलीत नको, एवढं पुरे.

पत्रात तुम्ही ओझरतं लिहिलंत की तिचे आजोबा 2021 च्या एप्रिलमध्ये दवाखान्यात गेले ते परत आलेच नाहीत, आणि ते तिला पेपरातली मोठी अक्षरं वाचायला लावायचे. हे ओझरतं नाही, ताई. घरातलं तिचं वाचन ऐकणारं माणूस तेच होतं. त्या लाटेत कित्येक घरांत शेवटचं दर्शन नाही, दहावा-तेरावा जेमतेम, आणि मुलांना ‘आजोबा गावाला गेलेत’ सांगून गप्प केलं. तेव्हा ती सात वर्षांची होती. तिला काय सांगितलं गेलं आणि तिला काय वाटलं, ते तुम्ही कधी विचारलं नसेल तर विचारा. अभ्यासाच्या वेळी नको, भाजी निवडताना, भांडी घासताना विचारा. इथेही दहा आकडे मोजायचे.

असं रोज झालं तर दोन-तीन महिन्यांत जोडाक्षरं सुटायला लागतात, वेग यायला वर्ष लागतं. तीन महिने नेमानं करूनही अक्षरंच उलटी-सुलटी होत असतील, काल आलेला शब्द आज अजिबात ओळखू येत नसेल, फळ्यावरचं उतरवताना ओळीच गाळत असेल, तर आधी डोळे आणि कान तपासा. ते ठीक निघाले तर जिल्हा रुग्णालयात अध्ययन अक्षमतेची, म्हणजे हुशार असूनही वाचन-लेखन जमत नाही त्याची, तपासणी कुठे होते ते विचारा. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात ती धरलेली आहे, प्रमाणपत्र मिळालं तर परीक्षेत जादा वेळेसारख्या सवलती मिळतात. पण तिथून सुरुवात करू नका. ज्याला शिकवलंच गेलं नाही आणि ज्याला शिकवूनही जमत नाही, ही दोन मुलं कागदावर सारखीच दिसतात. तीन महिन्यांचा नेम हीच त्यातली चाळणी.

आणि सरांना भेटा, तक्रार घेऊन नाही. तिसरीचं पुस्तक घरी सुरू केलंय असं सांगा. वर्गात तिला मोठ्यानं वाचायला सांगणार असाल तर कुठला उतारा ते आदल्या दिवशी कळवा, अशी विनंती करा. तीन-चार ओळी पुरतात. त्या ती रात्री तीनदा वाचेल आणि सकाळी चाळीस पोरांसमोर न अडखळता म्हणेल. हे बहुतेक शिक्षक आनंदानं करतात, त्यांना फक्त कुणी सांगितलेलं नसतं.